साहेब, पासवर्ड मागू नका!
२०१० साली अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या तुरुंग विभागात रजेनंतर परतू पाहणाऱ्या एका कर्मचाऱ्याकडे मुलाखतीत फेसबुकचा पासवर्ड मागण्यात आला. त्याने तो दिला. सक्ती नव्हती म्हणे! अहो, पोट ज्याच्या हाती, त्याची विनंती ती विनंती कसली? शिवाय त्या खात्यात मित्रांचाही मजकूर असतो. त्यांना कोणी विचारले? २०१२ मध्ये त्याच राज्याने असा पासवर्ड मागण्यावर आणि नकार देणाऱ्याला शिक्षा करण्यावर बंदी घातली; अमेरिकेतला तो पहिलाच कायदा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा. पण उद्या मुलाखतीला बसणाऱ्या आपल्या पदवीधराने साहेबांपुढे कोणते कलम ठेवावे? ‘पासवर्ड मागू नये’ एवढी एक ओळ कामगार कायद्यात यायला हवी.