फुकट गोळ्यांचं तिकीट

दिवाळीत चार दिवस सोनपेठला घरी गेलो होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जवळच्याच खेड्यात मामांकडे चक्कर मारली. मामा म्हणजे एकदम बोलका माणूस. पारावर बसले की दहा जण जमणार. पण गेल्या वर्षभरात पार गप्प झालेत. शेतात जातात, बांधावर बसून राहतात, परत येतात. झोप नाही, जेवणावर वासना नाही. घरच्यांनी आधी 'बाहेरचं काही आहे का' म्हणून देवर्षी गाठला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून जिल्ह्याच्या गावी नेलं. डॉक्टरांनी डिप्रेशन आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, महिन्याने परत बोलावलं. सगळं फुकट.

मामा परत गेलेच नाहीत.

"अहो मामी, फुकट होतं ना सगळं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"गोळ्या फुकटच हायेत रे बाबा. पण पयल्याच आठवड्यात यांना मळमळायला लागलं. म्हणले, ह्यानं तर जास्तच होतंय. अन् परत जायचं म्हणजे दोघांचा दिवस मोडतो. तवा कापूस वेचायला आलता."

एसटीत मामींना अर्धं तिकीट आहे. मामांना पूर्ण. शिवाय दोघांचा दिवस, वर ऐन वेचणीत घर सोडायचं. आता सांगा, हे फुकट आहे का?

आमच्या धंद्याचा रोग म्हणजे कुठलाही प्रॉब्लेम दिसला की डोक्यात आधी अ‍ॅप येतं. माझ्याही आलं. गोळ्यांची आठवण करून देणारं, मराठीतून बोलणारं वगैरे. मग लक्षात आलं की मामांचा फोन दिवसभर त्यांच्या पोराकडे असतो. आणि फोन हातात असता तरी त्यांनी अ‍ॅप उघडलं नसतं. ज्याला जेवणाचं ताट पुढे ओढावंसं वाटत नाही, तो अ‍ॅप कशाला उघडेल?

इथे मला आमच्याच कामातली एक साधी गोष्ट आठवली. सर्व्हर बंद पडला तर तो स्वतः तिकीट लॉग करत नाही. म्हणून आपण मॉनिटरिंग लावतो. ते दर मिनिटाला जाऊन विचारतं, 'बाबा, आहेस का?' उत्तर आलं नाही की माणूस उठतो. आपली मानसिक आरोग्याची व्यवस्था मात्र पेशंट स्वतः येऊन सांगेल या भरवशावर चालते. आणि या आजाराचं पहिलं लक्षणच हे, की उठून कुठे जावंसं वाटत नाही.

सरकारने काहीच केलेलं नाही असं म्हणणं चूक ठरेल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा पातळीवरचा १९९६चा. २०१५मध्ये महाराष्ट्राने शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात परभणीही आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करायची, अशी त्यातली कल्पना. २०२२पासून टेलिमानस आहे, १४४१६ फिरवला की मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नंबर सेव्ह करून ठेवा, खरंच. पण तो फिरवायला तरी कुणीतरी लागतंच.

दुसरीकडे २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की बहुतेक मानसिक आजारांत ७० टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ पुरा पडत नव्हता. म्हणजे सोनपेठसारख्या तालुक्याच्या वाट्याला काय येणार ते बघा. तज्ज्ञ वाढेपर्यंत थांबायचं ठरवलं तर मामांची सत्तरी येईल.

मग करायचं काय? उत्तर आपल्याच राज्यात करून बघितलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातलेच कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलायचे, त्यांच्यावर थोडं प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक आणि गरज पडेल त्याच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या १०० लोकांपैकी जेमतेम ४ जण उपचार घेत होते. दीड वर्षाने २७. हे आकडे २०१७मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आले. ७३ तरीही बाहेरच राहिले, हेही खरं. पण चाराचे सत्तावीस होण्यासाठी नवं औषध किंवा नवं हॉस्पिटल लागलं नाही. दारात जाणारं माणूस लागलं.

यावर मित्र दोन गोष्टी म्हणतात. एक, बारावी झालेली बाई काय उपचार करणार? अरे, तिने उपचार करायचेच नाहीत. डिप्रेशनच्या गोळ्यांची गंमत अशी की त्रास आधी होतो आणि गुण नंतर, दोन ते चार आठवड्यांनी येतो. मामा नेमके पहिल्या आठवड्यात सुटले. तेव्हा कुणी येऊन 'मळमळ बहुधा कमी होईल, आपणहून बंद करू नका, मी डॉक्टरांना फोन लावून विचारते' एवढं म्हणालं असतं तर? याला एमडी लागत नाही. लागतं ओळखीचं माणूस आणि वहीत लिहिलेली तारीख.

दोन, सोयाबीनला भाव नाही, डोक्यावर कर्ज आहे, त्याला समुपदेशन काय करणार? मुद्दा बरोबर आहे. बोलून भाव वाढत नाही. पण नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्पाने यावर चांगला मार्ग काढला. गावातले स्वयंसेवक लोकांचं मन ऐकून घेतात आणि सरकारी योजना मिळवून द्यायलाही मदत करतात. शिवाय कर्ज आहे म्हणून झोप नाही, आणि झोप नाही म्हणून कर्जाचा कागद वाचायची ताकद नाही, हे चक्र कुठून तरी तोडायला हवंच ना?

माझं म्हणणं एवढंच, की फुकट म्हणजे गोळीची किंमत शून्य, ही व्याख्या बदला. पेशंटला पहिले तीन महिने घर सोडावं लागू नये, म्हणजे फुकट. आठवडी बाजाराला लोक तसेही तालुक्याला येतात, त्या दिवशी समुपदेशक बसवा. गोळ्या गावाजवळच्या उपकेंद्रात ठेवा. आणि हे काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकू नका. मानधनासाठी त्यांना २०२३मध्ये संपावर जावं लागलं होतं. या कामाचे वेगळे आणि नीट पैसे द्या. फुकट सेवा पेशंटला असावी, करणाऱ्याकडून नको.

असो. निघायच्या आदल्या दिवशी मामांना मोटरसायकलवर मागे बसवून परत दवाखान्यात नेलं. गोळ्या पुन्हा चालू झाल्यात. आता रोज रात्री नऊला मी फोन करतो. मामा दोन शब्द बोलतात, परवा तीन बोलले.

पण प्रत्येक मामाला पुण्यात भाचा नसतो. म्हणून हा सगळा खटाटोप.