वेजचा तळ कोण पाहतो?

गॉल्फच्या साहित्याच्या दुकानात वेज घ्यावयास गेलेला गृहस्थ बहुधा एकाच आकड्याची चौकशी करतो. ५६ अंशांची आहे काय, ६० अंशांची आहे काय, एवढे विचारून झाले म्हणजे त्याचे समाधान होते, आणि त्या लोखंडाचा जो भाग प्रत्यक्ष जमिनीशी झगडावयाचा असतो त्या तळाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. हा आकडा म्हणजे लॉफ्ट, अर्थात क्लबच्या तोंडाचा कल. चेंडू किती उंच चढेल आणि किती लांब जाईल हे बव्हंशी तो ठरवितो, हे खरे. परंतु ग्रीनच्या आसपासच्या आखूड खेळात फटका साधतो की फसतो, याचा निकाल पुष्कळ वेळा तळाच्या ठेवणीवर लागतो, आणि खरेदीची तजवीज तेथूनच सुरू व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आखूड खेळाचे माहात्म्य ज्यांस पटत नसेल त्यांच्यासाठी १९३८ सालचा एक दाखला पुरेसा आहे. अमेरिकेतील शॉनी येथे पी.जी.ए. अजिंक्यपदाच्या ३६ होलांच्या अंतिम सामन्यात पॉल रनयन या किरकोळ अंगाच्या खेळाडूने सॅम स्नीडसारख्या लांब पल्ल्याच्या महारथ्याला आठ होलांची आघाडी घेऊन, सात होल शिल्लक असतानाच गारद केले. टीवरून स्नीडचा चेंडू कितीतरी पुढे जाई. ग्रीनजवळ आल्यावर मात्र हिशेब फिरे.

तळाचा महिमा ज्याने प्रथम जगाच्या नजरेस आणला तो जीन साराझेन. त्याच्या काळी वाळूच्या खड्ड्यातून, म्हणजे बंकरमधून, चेंडू काढण्यासाठी निब्लिक नावाचा जो क्लब वापरीत त्याची पुढची कड धारदार असल्यामुळे ती वाळूत खोल रुतून बसे, आणि खोलगट तोंडाचा जो दुसरा क्लब काहींनी जवळ केला होता त्यावर १९३१ साली अमेरिकेत बंदी आली. विमान चालविण्याचे धडे घेत असताना शेपटाचा पडदा हलला की विमानाचे नाक कसे वर उचलले जाते हे पाहून, साराझेनने आपल्या निब्लिकच्या तळाला मागील बाजूने शिसे डाखले व ते घासूनपुसून असे उतरते केले, की तळाचा मागचा भाग पुढच्या कडेहून खाली राहावा आणि वाळूला प्रथम तोच लागावा. परिणामी क्लब रुतण्याऐवजी वाळूवरून सरकू लागला आणि वाळूच्या थरासह चेंडूही बाहेर येऊ लागला. १९३२ साली इंग्लंडमधील प्रिन्सेस येथे ओपन स्पर्धा त्याने याच हत्याराच्या जोरावर जिंकली. स्पर्धेच्या अधिकाऱ्यांनी ते आधीच पाहून मनाई हुकूम काढू नये म्हणून आपण ते कोटाखाली दडवून हॉटेलवर नेत असू, असे तो पुढे सांगत असे.

तळाच्या या उताराला बाउन्स म्हणतात. तोही अंशांतच मोजतात, आणि अनेक वेजांवर लॉफ्टच्या शेजारी तो कोरलेलाही असतो. बारा-चौदा अंशांचा बाउन्स भुसभुशीत वाळूत किंवा ओल्या, मऊ जमिनीत तारक ठरतो. तोच टणक जमिनीवर आपटून उसळतो, पुढची कड चेंडूच्या मध्यावर बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या झुडपात जातो. चार-सहा अंशांच्या बाउन्सची गत नेमकी उलट. मुंबई-पुण्याच्या खेळाडूस तर जुलैत चिंब हिरवळ आणि मे महिन्यात वाळलेली कडक जमीन अशा दोन्ही टोकांशी एकाच मैदानावर सामना करावा लागतो. त्याने दोन वेजा घ्याव्यात आणि त्यांचे बाउन्स हेतुपुरस्सर भिन्न ठेवावेत. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या चटईवर मात्र हा भेद कळत नाही, कारण तेथे क्लब रुततच नाही, नुसता घसरतो, आणि प्रत्येक गिऱ्हाइकास आपला हात सिद्ध झाल्याचा भास होतो. त्यापेक्षा आपली जुनी वेज उलटी करून पाहावी. घासून उजळलेला पट्टा पुढच्या कडेलगत असेल तर आपला हात जमीन खोदणारा आहे आणि त्यास अधिक बाउन्सचा आधार हवा. तो तळाच्या मागील बाजूस असेल तर बेताच्या बाउन्सवर भागेल.

लॉफ्टच्या आकड्यासंबंधी एक तक्रार नोंदविणे प्राप्त आहे. पन्नासएक वर्षांपूर्वी पिचिंग वेज ५० अंशांच्या आसपास असे. आज ती बहुतेक संचांत ४४-४५ अंशांवर आणि काहींत त्याहूनही खाली आली आहे. वजन तळाशी नेल्यामुळे चेंडू तरीही उंच चढतो, हे कारखानदारांचे समर्थन अगदीच निराधार नाही. पण आपला क्लब शेजाऱ्याच्या क्लबहून लांब मारतो या आनंदापायी पिचिंग वेज आणि ५६ अंशांची सँड वेज यांमध्ये बारा अंशांची दरी पडली, आणि ती बुजविण्यासाठी गॅप वेज नावाचा नवा क्लब त्याच दुकानदाराने आपल्याच गळ्यात घातला. पिशवीत १४ च क्लब ठेवण्याचा नियम १९३८ साली अमेरिकेत व पुढील वर्षी सेंट अँड्र्यूजच्या दप्तरी रुजू झाला असल्यामुळे, प्रत्येक नवी वेज एखाद्या लांब क्लबाची जागा खाते. तेव्हा आपल्या पिचिंग वेजचा खरा लॉफ्ट किती, हे दुकानदारास प्रथम विचारावे, आणि तेथून चार ते सहा अंशांच्या पायऱ्यांनी पुढे जावे.

राहता राहिली ६० अंशांची लॉब वेज. टॉम काइटने ऐंशीच्या दशकात ती प्रतिष्ठेस नेली, फिल मिकल्सन तर ६४ अंशांपर्यंत गेला. पण त्या मंडळींचा दिवसचा दिवस ग्रीनच्या कडेला जातो. रविवारी सकाळी एक फेरी मारणाऱ्याने पूर्ण झोकात ती फिरविली म्हणजे चेंडू आकाशात जातो आणि निम्म्या वाटेवर येऊन पडतो. त्याने ५६ अंशांच्या वेजचे तोंड किंचित उघडून तोच फटका शिकावा. तोंड उघडले की लॉफ्टबरोबर बाउन्सही वाढतो, एवढेच त्याने ध्यानात ठेवावे आणि कडक जमिनीवर हा प्रयोग करू नये.