बांडगूळ नव्हे, आमरी

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले, त्या रात्री आमच्या दारातल्या रायवळ आंब्याची एक जाड फांदी मोडून अंगणात पडली. दुसऱ्या दिवशी लाकूड तोडायला आलेल्या गड्याने फांदीवरचा हिरवा झुबका उडवण्यासाठी कोयता उचलला. मी त्याला थांबवले, तर तो हसला. म्हणाला, "मास्तर, बांडगूळ हाय ता, टाकून द्या."

ते बांडगूळ नव्हते. ती आमरी होती, म्हणजे ऑर्किड. शास्त्रीय नाव वांडा टेसेलाटा. काही जण तिला रास्ना म्हणतात. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राने पूर्वी एकदा मला ती झाडावर दाखवली होती, म्हणून ओळखता आली. नाहीतर मीही "टाक" म्हणालो असतो. आपल्या जिल्ह्यातल्या आंब्यांवरून बांडगुळाबरोबर किती आमऱ्या अशाच उतरवून फेकल्या जात असतील!

दोघींतला, म्हणजे बांडगूळ आणि आमरीतला, फरक ओळखणे मुळीच अवघड नाही. बांडगूळ फांदीत घुसते. जिथे चिकटते तिथे गाठ धरते आणि आंब्याचा रस शोषते. त्याची चिकट बी फूलटोच्यासारखे छोटे पक्षी एका फांदीवरून दुसरीवर नेतात. बागायतदार ते तोडतो, यात त्याचे काहीच चुकत नाही. आमरीची मुळे मात्र सालीवरून नुसती पसरतात. पांढरट, जाड, दोरीसारखी. बोटाने हळूच उचलली तर सुटतात. त्यांच्यावर स्पंजासारखे आवरण असते. कोरडी असताना ती चांदीसारखी दिसतात, पाणी पडले की काही क्षणांत हिरवी होतात. पावसाचे पाणी, दव आणि सालीवर साठलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचे भागते. झाडाकडून तिला हवी असते ती फक्त जागा. पानेही वेगळी: अरुंद, चिवट, दोन्ही बाजूंना ओळीने, आणि टोकाला कुणीतरी कुरतडल्यासारखी.

हा घोटाळा जुना आहे. संस्कृतात 'वन्दा' हा शब्द झाडावर वाढणाऱ्या झाडासाठी सरसकट वापरला गेला, बांडगुळासाठीही आणि आमरीसाठीही. कोलकात्यात न्यायाधीश असलेले आणि फारसीचे व्याकरण लिहिणारे विल्यम जोन्स यांनी तो उचलला. पुढे 1820 मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो एका अख्ख्या प्रजातीला अधिकृतपणे दिला. आज सिंगापूर-बँकॉकच्या रोपवाटिकांत हजारोंनी विकल्या जाणाऱ्या फुलांवर हे आपल्याकडचे नाव आहे.

मी उर्दू आणि मराठी असे दोन विषय शिकवतो. एकदा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी गमतीत म्हणाले होते, "मराठी मुलखात उर्दू म्हणजे बांडगूळच की." सगळे हसले, मीही हसलो. पण शब्द मनात राहिला. ज्या हजेरीत मी सही करत होतो ती 'हजेरी', मुलांच्या पाठीवरचे 'दप्तर', त्यातला 'कागद', हे शब्द अरबी-फारसीतून येऊन मराठीच्या फांदीवर कधीचे बसले आहेत. मराठीचा रस त्यामुळे आटला नाही. माणसांना, भाषांना बांडगूळ म्हणण्याआधी मुळे कुठे जातात ते तरी पाहावे, एवढे मला त्या झुबक्याने शिकवले. असो. फुलाकडे येतो.

तो झुबका मी फांदीच्या तुकड्यासकट काथ्याने बांधून पडवीत टांगला. पहिल्या पावसाळ्यातच अर्धी मुळे कुजली, कारण वळचणीची धार थेट त्याच्यावर पडत होती. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमरीला पाऊस आवडतो, पण ओली राहिलेली मुळे वारा लागून सुकलीच पाहिजेत. कुंडीत माती भरून लावली तर ती मरणारच. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, फुटक्या कौलाच्या खापऱ्या पुरतात. वांडाला तर तेही नको. लाकडावर बांधा किंवा मोकळी टांगा.

दुसरी चूक पाण्याची. आमची विहीर खाडीजवळची, उन्हाळ्यात पाणी मचूळ होते. मुळांच्या टोकांवर पांढरी खार धरू लागली. तेव्हापासून पावसाचे पाणी पिंपात साठवतो आणि सकाळी मुळे हिरवी होईपर्यंत फवारतो. खत म्हणाल तर 19:19:19, एका लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. भर पावसात तेही बंद.

तिसरी चूक मायेची. ऊन लागेल म्हणून मी तिला आतल्या बाजूला ठेवले. पाने गर्द हिरवी झाली, लोक कौतुक करू लागले, फूल मात्र एकही नाही. गर्द हिरवे पान ही उजेड कमी पडत असल्याची खूण आहे, हे दोन वर्षांनी कळले. 2023 चा पाऊस संपल्यावर तिला पूर्वेच्या बाजूला आणले, सकाळचे तीन-चार तास कोवळे ऊन मिळेल असे. पाने पोपटी झाली. पुढच्या मे महिन्यात पानांच्या बगलेतून दांडा निघाला. जूनच्या सुरुवातीला, बकरी ईद जवळ आलेली असताना, एके सकाळी दहाच्या सुमाराला अम्मी पडवीतून ओरडली, "अत्तराची बाटली कुणी सांडली?" चौकटीचौकटीची पिवळट-तपकिरी पाच फुले, मध्ये जांभळट ओठ. उन्हे चढली तसा वास वाढत गेला.

हे वाचून तुम्हालाही एखादी आमरी लावावीशी वाटेल. जरूर लावा. पण रस्त्याच्या कडेला पाट्यांत विकायला येणाऱ्या जंगलातल्या आमऱ्या घेऊ नका. तुटलेली मुळे आणि त्यांना चिकटलेली साल दिसली, की समजा, ती रानातून ओरबाडली आहे. तिची जागा लवकर भरत नाही. आमरीच्या एका बोंडात लाखो बिया असतात, धुळीसारख्या, पण त्यांच्यात अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशी भेटली तरच ती रुजते, आणि मग फुलायला कित्येक वर्षे लागतात. 1922 मध्ये लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखर घालून काचेच्या बाटलीत बी रुजवून दाखवले. त्यानंतर प्रयोगशाळेत रोपे तयार होऊ लागली. रोपवाटिकेतून अशीच रोपे मागून घ्या.

आणि घेताना वास विचारा. दुकानातल्या बहुतेक फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियमना वास नसतो, कारण रंग आणि टिकाऊपणा यांसाठीच त्या निवडत आणल्या गेल्या. वास हवा असेल तर आपल्या उष्ण, दमट किनाऱ्यावर ब्रासावोला नोडोसा चांगली येते. तिचा सुगंध रात्री सुटतो. 'शेरी बेबी' नावाच्या ऑन्सिडियमला चॉकलेटचा वास येतो. आपल्याच मातीतली हवी असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली सीतेची वेणी शोधा.

आंबा-काजूच्या बागा असलेल्या वाचकांना मात्र एक वेगळी विनंती. यंदा बांडगूळ काढायला गडी चढेल तेव्हा झाडाखाली थोडा वेळ उभे राहा. त्याला एवढेच सांगा, की सालीवरून सुटणारी पांढरी मुळे दिसली तर कोयता आवर. फांदी पडलीच, तर झुबका घरी आणा आणि जवळच्या दुसऱ्या आंब्यावर काथ्याने बांधा. मी तेच करायचे ठरवले आहे. आमच्या आमरीला आता बाजूने दोन पिल्ले फुटली आहेत. ती मोठी झाली की एक पिल्लू त्याच रायवळ आंब्यावर परत जाईल.