ऐंशी भागिले तीन

मॅट्रिकला गणितात मला पस्तीस मार्क. काठावर. तिथून सरळ गोदीत. तरी महिनाभर एक भागाकार डोक्यात घण घालतोय. ऐंशी भागिले तीन. सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर, बाकी दोन.

झालं असं. गोदीत केबलचे ड्रम चढवत होतो. फळीवर काळ्या रंगात नाव, दार-एस-सलाम. मुकादमाला विचारलं, हे कुठं आलं? म्हणाला, तुला काय करायचंय, हात चालव. हात चालवला, डोकंही चालवलं. त्या नावाचा माग काढत टांझानियाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचलो. रुसुमोच्या धबधब्यावर.

नदी कागेरा. एका काठाला रवांडा, दुसऱ्या काठाला टांझानिया. बुरुंडीतून येणारी रुवुबू धबधब्याच्या वरच तिला मिळते. तिन्ही देशांनी मिळून एक कंपनी काढली. २०१३ साली जागतिक बँकेने ३४ कोटी डॉलर मंजूर केले. २०१७ साली काम लागलं, २०२३ साली वीज निघाली. ८० मेगावॉट. तिघांना सारखा हिस्सा. धबधबा बुरुंडीच्या हद्दीत नाही, तरी बुरुंडीला तेवढाच. का? तर पाणी तुझ्याकडूनही येतं म्हणून. साधा न्याय आहे. आपल्याकडे एका गावाला एका विहिरीवर तो जमत नाही.

आता दुसरी गोष्ट नीट ऐका. पहिला आराखडा ९० मेगावॉटचा होता. त्यात पाणी जास्त चढणार, वरच्या अंगाची रानं बुडणार. मग आराखडा बदलला. नदी वाहती ठेवायची, धबधब्याच्या वर पाणी वळवायचं, टर्बाइनवर सोडायचं, खाली परत नदीत. दहा मेगावॉट सोडले.

म्हणजे सोडता येतात! विकास म्हटला की कुणाला तरी बुडावं लागतं, असं जे आपल्याला शाळेपासून ऐकवतात ना, ते खोटं आहे. कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. धरणग्रस्तांची नातवंडं जमिनीसाठी मोर्चे काढत आली. किती बुडवायचं, हे नदी ठरवत नाही. टेबलाशी बसलेला माणूस ठरवतो. आणि त्या टेबलाशी आपण कधी नसतो.

पण म्हणून रुसुमोची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही.

या पाण्याने काय काय वाहिलंय ते आधी सांगतो. बेल्जियन साहेबाने १९३० नंतरच्या काळात रवांडात ओळखपत्रं वाटली. त्यावर लिहिलं, हा हुतू, हा तुत्सी, हा त्वा. जन्माचा शिक्का कागदावर. १९९२ च्या नोव्हेंबरात लिओन मुगेसेरा नावाच्या पुढाऱ्याने भर सभेत सांगितलं, तुत्सींना न्याबारोंगो नदीतून इथिओपियाला धाडू. न्याबारोंगो पुढे याच कागेरात येते. १९९४ साली प्रेतं खरोखर आली. या धबधब्यावरून कोसळत व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत गेली. त्याच एप्रिलच्या अखेरीस रुसुमोच्या पुलावरून एका दिवसात अडीच लाखांच्या आसपास माणसं टांझानियात गेली. मुगेसेराला जन्मठेप झाली २०१६ साली. एका भाषणाच्या निकालाला चोवीस वर्षं.

हुतू आणि तुत्सी जगाला माहीत झाले. तिसरा शिक्का कुणी वाचला?

त्वा. शंभरात जेमतेम एक. पूर्वी जंगलात राहणारे, नंतर मडकी घडवणारे. जंगलं राखीव झाली, गोरिलांसाठी बागा झाल्या, त्वा बाहेर. त्यांनी घडवलेलं मडकं सगळ्यांना चालायचं. पण त्यांच्या तोंडाला लागलेलं भांडं चालायचं नाही. त्यांच्याबरोबर जेवायचं नाही, एका भांड्यातून प्यायचं नाही. दोस्तहो, हे वाचताना मला शब्दकोश लागला नाही. माझ्या आजीसाठी हॉटेलाबाहेर खिळ्याला कप टांगलेला असायचा.

१९९४ नंतर रवांडाच्या सरकारने कागदावरून हे शिक्के पुसले. चांगलं केलं. ज्या शिक्क्याने गळे कापले, तो पुसायलाच हवा. पण त्वांना आता काय म्हणायचं? तर 'इतिहासात मागे राहिलेले'. मागे राहिलेले! जसे काही चालता चालता दमले आणि रस्त्यात बसले. मागे कुणी ठेवलं, ते वाक्यातून गायब. आपल्यालाही एकदा असंच गोड नाव चिकटवलं होतं.

आणि नाव पुसलं की मोजदाद पुसली. मोजदाद नाही, तर त्वांच्या किती झोपड्यांत दिवा लागला, हे विचारायचं कुणाला? बुरुंडीत तर दहा जणांत जेमतेम एकाच्या घरात वीज. तो एक कोण असणार, हे मला गोदीत उभं राहूनही सांगता येतं.

आपल्यातले काही मित्र म्हणतील, मग वीज नकोच, धरण म्हणजेच शोषण. साहेब, तुमच्या खोलीत पंखा फिरतोय, म्हणून हे सुचतंय. मी चिमणीच्या धुरात मॅट्रिकचा अभ्यास केला, काजळी अजून छातीत आहे. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. पाणी आणि वीज त्याच खात्यात. गरिबी हटवायची तर कारखाने हवेत, कारखान्यांना स्वस्त आणि भरपूर वीज हवी, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. वीज आपल्यालाही हवी, त्वांनाही हवी. भांडण विजेशी नाही, वाटणीशी आहे.

तीन सरकारं एका टेबलाशी बसली, काटा लावून ऐंशीचे तीन वाटे केले. उत्तम. पण सरकारांत समान वाटणी झाली म्हणजे माणसांत झाली, असं कुणी सांगू लागलं तर त्याची कॉलर धरा. तार झोपडीवरून जाते, झोपडीत येत नाही. ती आत आणायची तर त्या टेबलाशी चौथी खुर्ची लागेल. त्वांची. आपल्याकडच्या टेबलाशी आपली.

तोवर हिशेब पुरा झाला असं म्हणू नका. सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर. बाकी दोन.

त्या बाकीला माणसं म्हणतात. आणि ती आता स्वतःच मोजायला उठलीत.