लोंबते मटार

आमच्या बाल्कनीत सध्या हिरवे मटार लोंबतायत. नर्सरीवाले या रोपाला ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ म्हणतात. मूळ दक्षिण आफ्रिकेतलं, तिथे कोरड्या भागात झुडपांच्या सावलीत जमिनीवर पसरणारं. कासच्या पठारावर पिवळा सडा घालणारी सोनकी ही याची चुलत बहीण, पण ती पावसात भिजून फुलते आणि हे पावसात कुजतं! पाणी साठवणारं पान गोल, म्हणजे उन्हाला पृष्ठभाग कमी. मग उजेड आत कसा जाणार? मणी डोळ्यांजवळ धरा, एक पारदर्शक रेघ दिसेल; तीच खिडकी. माझी पहिली कुंडी मी दोन वेळ पाणी घालून मारली. आता मणी जरा सुरकुतल्याशिवाय तांब्याला हात लावत नाही. नवं रोप करायचं तर बोटभर वेल कापून दोन दिवस सावलीत सुकवायची, मग वाळू मिसळलेल्या मातीवर नुसती आडवी ठेवायची. पेरं टेकली की मुळं फुटतात. (नातवंडांना सांगून ठेवा, हे मटार विषारी आहेत.) यंदा पांढरी, झुबकेदार फुलं आली. वास चक्क दालचिनीचा. बायको आधी मसाल्याचा डबा बघून आली.