विश्लेषण : ‘हरित’ इमारतीचा विस्तार केल्यास जुने प्रमाणपत्र चालते का?

रुग्णालय, महाविद्यालय किंवा आयटी कंपनीच्या दारात ‘गोल्ड’, ‘प्लॅटिनम’ अशी पाटी झळकते. काही वर्षांनी शेजारी नवी विंग उभी राहते. पाटी तीच असते आणि जाहिरातीत मात्र सारे संकुलच ‘हरित’ होते. हे योग्य आहे का?

मानांकन नेमके कशाला?

भारतात ‘आयजीबीसी’, ‘ग्रिहा’ आणि ‘लीड’ ही मानांकने प्रचलित आहेत. वीज, पाणी, बांधकाम साहित्य, जागेचा वापर यांना गुण मिळतात. ‘लीड’मध्ये ६० ते ७९ गुणांना गोल्ड, ८० पासून प्लॅटिनम. हे गुण ठरावीक नकाशा, क्षेत्रफळ आणि यंत्रणा यांवर मोजलेले असतात. मजले किंवा विंग वाढली की हा हिशेब बदलतो.

मग पर्याय कोणते?

‘लीड’मध्ये दोन मार्ग आहेत. वाढीव भागाचे स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यावे, किंवा जुनी इमारत व नवा भाग मिळून एकच प्रकल्प म्हणून नोंदवावा. पहिल्या मार्गात वातानुकूलन यंत्रणा सामायिक असेल, तर विजेचा हिशेब वेगळा काढणे किचकट होते. दुसऱ्यात जुन्या इमारतीलाही आजच्या निकषांवर उतरावे लागते. खर्च इथेच वाढतो, म्हणूनच अनेकांना जुन्या पाटीचा मोह होतो.

महाराष्ट्रात काय पणाला?

मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हरित इमारतींना मानांकनानुसार ३, ५ किंवा ७ टक्के प्रोत्साहनपर एफएसआय मिळतो. म्हणजे पाटीला थेट पैशांचे मोल आहे. ही सवलत शहराने दिलेली असते. तिच्या बदल्यात पाणी आणि वीज खरोखर वाचायला हवी. नव्या विंगने टँकर आणि वीजबिल वाढवले, तर सवलतीचा अर्थच उरत नाही. त्यामुळे विस्ताराला परवानगी देताना महापालिकांनी वाढीव भागाच्या मानांकनाचा पुरावा मागायला हवा.

ग्राहकाने काय पाहावे?

प्रमाणपत्रावरील क्षेत्रफळ, इमारतीचे नाव आणि तारीख तपासा. ते पूर्व-प्रमाणपत्र आहे की अंतिम, हे विचारा. तुमचा गाळा, फ्लॅट किंवा कार्यालय त्या क्षेत्रफळात मोडत नसेल, तर दारातली पाटी तुमच्यासाठी नाही.