लाजेवर धंदा करणाऱ्यांना आवरा

अमरावती असो की अकोला, बसस्टँडजवळच्या भिंती बघा. 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' आणि खाली मोबाईल नंबर. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या कायद्यानं गरमी-परम्यावरच्या औषधांची अशी जाहिरात गुन्हा ठरवली आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. भिंती तरी रंगतातच. ज्यांनी कायदा राबवायचा, ते या भिंतींसमोरूनच कामावर जातात.

मी औषधाचं दुकान चालवतो. या भिंतींनी घाबरवलेली पोरं माझ्या काउंटरशी येतात. पोलीस भरतीची तयारी करणारी, एका खोलीत चार-पाच जण राहणारी, एकच टॉवेल वापरणारी. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभी राहतात आणि मग हळूच विचारतात, "भाऊ, जांघेत लाल चट्टे आले. तसलं तं काही नाही ना? एखादी ट्यूब देऊन द्या." पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दिवसभर घट्ट जीन्स, घाम आणि अर्धवट वाळलेले कपडे. बहुतेकदा ते गजकर्ण असतं. रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, खोलीतले बाकीचेही खाजवत असतील, तर खरूज.

आणि आमचा धंदा काय करतो? स्टिरॉईड मिसळलेली ट्यूब हातात ठेवतो. अशा 14 स्टिरॉईडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारनं 2018 मध्ये नियम कडक केला. कोण पाळतो? या ट्यूबनं दोन दिवसांत लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. कातडी पातळ होते, ट्यूब थांबवली की चट्टे दुपटीनं उठतात. पोरगा समजतो, गरमी अंगात भिनली. मग तो भिंतीवरचा नंबर फिरवतो आणि हजारो रुपयांच्या पुड्या घरी आणतो. माझ्या व्यवसायबंधूंनो, हे पाप आपलंही आहे.

खरी गरमी, म्हणजे सिफिलिस, अशी दिसतच नाही. पहिली जखम बहुधा दुखत नाही. काही आठवड्यांनी अंगावर, तळहात-तळपायांवर पुरळ येतं, तेही सहसा खाजत नाही. उपचार न करताच ते जातं आणि माणूस निर्धास्त होतो. रोग मात्र शरीरातच राहतो. पुढे काहींच्या हृदयावर, मेंदूवर तो उलटतो. गर्भवतीला असेल तर मूल पोटातच दगावू शकतं. म्हणजे जो खाजेनं रात्रभर जागतो त्याला बहुधा हा रोग नसतो, आणि ज्याला असतो तो आरामात झोपतो. नुसत्या डोळ्यांनी हे ठरत नाही, माझ्याही नाही. रक्ताची चाचणी लागते, आणि संबंधानंतर लगेच केलेली चाचणी चुकू शकते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. लवकर सापडली तर पेनिसिलिनच्या एका डोसात गरमी बरी होते.

बायांचे हाल तर विचारूच नका. नवऱ्याचीच ट्यूब त्या लावतात. दवाखान्यात गेल्या तर सासू सोबत, आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारलेला प्रश्न. रुग्णाचं चारित्र्य तपासणाऱ्या डॉक्टरांचा मला या भोंदूंइतकाच राग येतो. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, समाजानं हाकललेल्या कुष्ठरोग्यांना जवळ घेतलं. त्या गावात जांघेतल्या चट्ट्यासाठी माणसानं तोंड लपवावं, याची मला चीड येते.

पोरांनो, बायांनो, ट्यूब मागू नका. अमरावतीत इर्विन रुग्णालयात जा, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात जा. सरकारी सुरक्षा क्लिनिकात तपासणी आणि औषध फुकट मिळतं. जोडीदारालाही सोबत न्या, नाहीतर बरा झालेला रोग पुन्हा लागेल. जायची हिंमत होत नसेल तर आधी 1097 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. त्या फोनला पैसे पडत नाहीत.